मदत हवी आहे: दाराच्या कुलपात किल्ली तुटली, गंजही आहे

खटपट्या: ड्रायव्हरच्या दाराची किल्ली काल कुलपातच तुटली, अर्धी आत अडकली आहे. कुलूप बदलायला दार उतरवावं लागतं का? दाराखालच्या पत्र्याला गंज आहे, त्यावर लगेच मारता येईल असं काय मिळतं? शनिवारी रंग मारायचा आहे. लवकर सांगा.

नानाकाका: गाडी कोणती?

मृण्मयी_ठाणे: कुलूप काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. आमच्या स्कूटरचे सगळे नटबोल्ट मी असेच साफ केलेत, चकाचक निघाले.

खटपट्या: एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, १९७२.

हेराल्डप्रेमी: वा! पुण्यात असाल तर रविवारी जुन्या बाजारात जा. स्टँडर्ड हेराल्डचं कुलूप मिळालं तर चालून जाईल.

नानाकाका: नाही चालणार. हेराल्ड मद्रासला बनायची, पण मूळ ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीची. तिच्या चासीवरून, म्हणजे खालच्या सांगाड्यावरून, ट्रायम्फची स्पिटफायर निघाली, एमजीबी नव्हे. एमजीबीला वेगळी चासीच नसते. आणि मृण्मयीताई, नटबोल्ट लोखंडाचे असतात. या कुलपांची बॉडी बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूची असते, व्हिनेगर तिलाच खाईल.

मृण्मयी_ठाणे: माझं तर काही बिघडलं नाही.

नानाकाका: कारण तुम्ही कुलूप बुडवलंच नव्हतं. खटपट्या, उघडी रोडस्टर की पक्क्या छपराची जीटी? राहता कुठे?

खटपट्या: रोडस्टर. इंग्लंडात कॉव्हेंट्रीत राहतो, त्यामुळे जुना बाजार नको. दार उतरवायचं की नाही तेवढं सांगा ना.

लेस्टरकर: नाही. काच पूर्ण वर करा, दाराचं आतलं आवरण (ट्रिम) काढा, कुलूप आतून सुटतं. तुकडा काढण्याआधी कुलपाच्या तोंडावर किंवा दुसऱ्या किल्लीवर नंबर आहे का पाहा. नंबर मिळाला तर किल्ली बनवणारा त्यावरून नवी कापून देतो, मूळ कुलूप वाचतं. नंतर आत ग्राफाइट पावडर घाला. तेलाला धूळ चिकटते.

आता माझा प्रश्न. किल्ली तुटण्याआधी दार उचलून लावावं लागत होतं का?

खटपट्या: हो, दिवाळीपासून. बिजागरी झिजली असेल.

लेस्टरकर: बिजागरी असेलही, पण आधी दाराखालची पट्टी बघा, जिथे गंज म्हणालात तीच. रोडस्टरला पक्कं छप्पर नाही, सगळा भार त्या पट्टीवर असतो. आतला पत्रा, मधला पत्रा, बाहेरचा पत्रा अशी ती तीन पदरी असते. ती सडली की गाडी मधोमध खचते, दाराची फट वरून मिटते आणि कुलूप तिरकं बसतं. पट्टीवरून लोहचुंबक फिरवा. मग दार लावून गाडी जॅकवर घ्या आणि फटीवर नजर ठेवा.

हेराल्डप्रेमी: इंग्लंडात ४० वर्षांवरच्या, फार फेरफार न केलेल्या गाड्यांना एमओटी, म्हणजे तिथली गाडीची वार्षिक तपासणी, माफ आहे म्हणे. मग पासिंगची चिंता कशाला?

नानाकाका: पासिंगचं कोणी विचारलंय? माफी असली तरी गाडी रस्त्यावर धड चालायला नको का?

खटपट्या: आत्ता करून पाहिलं. मागच्या चाकाजवळ वीतभर जागेत चुंबक धरतच नाही, नुसती पुट्टी. नखाने टोकरली तर ओल्या बिस्किटासारखे तांबडे पापुद्रे हातात आले. जॅक चढवला तर फटीत आधी करंगळी जात होती, आता नाणंही जात नाही. फॉस्फोरिक ॲसिडचा गंजरोधक मारून भागेल का?

लेस्टरकर: तो उरलेल्या लोखंडावरच्या गंजाचा फॉस्फेट करतो. पत्राच नसेल तर कशावर मारणार? आता कापूनच काढावं लागेल. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार वेल्ड करून घ्या, आणि एका वेळी एकच बाजू. दोन्ही एकदम कापल्या तर गाडी वाकेल.

खटपट्या: शनिवारचा रंग रद्द केला. कुलपावर नंबर सापडला, किल्ली होईल. कॉव्हेंट्रीच्या आसपास जुन्या गाड्यांचं वेल्डिंग करणारं कोणी ओळखीचं आहे का?