कांचनजंगाचे सज्जे आणि आमची ग्रिलं

गिरणगावचा_नातू: काल 'सज्जा' यांनी लिहिलं, "कांचनजंगानंतर मुंबईत इमारती झाल्याच नाहीत, नुसती खोकी झाली. मराठी माणसाला वास्तुकलेची नजरच नाही, गॅलरी दिसली की ग्रिल ठोकतो." प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

पेडर रोडची ती कांचनजंगा इमारत 28 मजल्यांची आणि घरं किती, तर 32. आमच्या चाळीत एका मजल्यावर वीस बिऱ्हाडं होती आणि नळ एक. त्यातही गंमत बघा. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि इंजिनिअर शिरीष पटेल या तिघांनी 1965 मध्ये 'मार्ग' मासिकात नवी मुंबईची कल्पना मांडली, गर्दी खाडीपलीकडे न्या म्हणून. हेच तिघे पुढे कांचनजंगावर! आम्हाला खाडीपलीकडे धाडलं आणि श्रीमंतांना दोन मजली उंचीचा सज्जा बांधून दिला.

सज्जा: श्रीमंतांची इमारत आहे म्हणून विचारही वाईट? मुंबईत वारा पश्चिमेचा, समुद्रही पश्चिमेला. पण दुपारचं ऊन आणि पाऊसही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी घराभोवती व्हरांडा फिरवून हे सोडवलं होतं. कोरियांनी तोच व्हरांडा कोपरे कोरून हवेत नेला. 21 मीटर बाजूचा चौरस पाया, 84 मीटर उंची, बरोबर चौपट. मधला काँक्रीटचा गाभा स्लिपफॉर्मने, म्हणजे वर सरकणाऱ्या साच्याने चढवला; तोच मुख्य आधार, म्हणून कोपरे मोकळे सोडता आले. 1983 मध्ये पुरी झाली. आजचे टॉवर काय करतात? काच लावतात आणि एसी.

झडीने_वैतागलेली: नजर नाही म्हणे! डोंबिवलीत तिसरा मजला, साडेतीन फुटांची गॅलरी, पश्चिमेला तोंड. जुलैत झड थेट दिवाणावर. त्यात दोन वर्षांचा नातू कठड्यावर चढणारा. ग्रिल नको तर काय तोरण लावू? आणि कबुतरं! सासूबाईंच्या छातीचा त्रास वाढला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न कबुतरांचाच विचारला.

सज्जा: ताई, जाळी लावा की. कपाटं, टाकी, जुनी सायकल बाहेर लटकवणारं पेटी ग्रिल कशाला? रस्त्यावरून इमारत पिंजऱ्यासारखी दिसते.

झडीने_वैतागलेली: रस्त्यावरून बघणाऱ्यांसाठी घर घेतलं नाही मी. हप्ते मी भरते.

साइटवरचा: भांडू नका, ग्रिलचा बाप एफएसआय आहे, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधायचं त्याची मर्यादा. 1991 च्या बांधकाम नियमावलीत मुंबईत दहा टक्क्यांपर्यंत बाल्कनी एफएसआयबाहेर होती, आणि पैसे भरून बंदिस्तही करता यायची. बिल्डर नकाशात गॅलरी दाखवायचा तीच पुढे खोलीत घेण्यासाठी. 2012 मध्ये ती एफएसआयमध्ये मोजायला लागले, बदल्यात फंजिबल, म्हणजे कुठेही वापरता येणारा जादा एफएसआय दिला, तेव्हापासून नकाशातून गॅलरीच गायब. मात्र पेटी ग्रिलला उघडणारी खिडकी ठेवा. आग लागली तर शिडी येऊनही माणूस बाहेर निघत नाही.

गिरणगावचा_नातू: धागा माझा, बोलताय ग्रिलवर! सज्जासाहेब, कांचनजंगा आतून पाहिलीत का कधी?

सज्जा: नाही. नकाशे पाहिलेत. तुम्ही?

गिरणगावचा_नातू: बसमधून. म्हणजे आपण दोघेही रस्त्यावरचेच, पिंजरा तुम्हाला तेवढा खुपतो. बरं, ऊनपावसाचं गणित त्यांना कळलं होतं, मान्य. 32 कुटुंबांचं अभिनंदन.

सज्जा: त्याच कोरियांनी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज केलं. लहान घरं, सात-सात घरांत एक चौक, घर हळूहळू वाढवायची मुभा. ते नाही आठवलं?

गिरणगावचा_नातू: आठवलं. मावशी तिथे राहायची. शेजारची कौलारू घरं पाडून लोकांनी स्लॅबचे मजले चढवले. त्यांनाही नजर नाही म्हणणार? वाढवायची मुभा तुमच्या कोरियांनीच दिली होती.

सज्जा: …हो, ते खरं आहे. तरी कुरूप दिसतात.

झडीने_वैतागलेली: मला एक सांगा, दोन मजली उंच उघडं तोंड म्हणजे पाऊस जास्तच आत येणार ना?

साइटवरचा: येतो, पण सज्जा खोल आहे, खोल्या मागे आहेत. सज्जा भिजतो, घर नाही. साडेतीन फुटांत ते होत नाही, ताई. सज्जा खोल हवा तर तेवढा एफएसआय त्यातच जातो.

झडीने_वैतागलेली: मग हेच आधी सांगायचं की! आमचा व्हरांडा बिल्डरने खाल्ला, उरलेल्याला आम्ही लोखंड लावलं. सज्जासाहेब, नजरेचं मागे घ्या.

सज्जा: ग्रिलपुरतं घेतो. बाहेर लटकवलेल्या सायकलीपुरतं नाही.