हॅलयार्डची वायर काढून दोर लावायचा का?

हार्बरवारा: आमची एन्टरप्राइज डिंगी (छोटी शिडाची बोट) आहे, मुंबई हार्बरात चालवतो. शीड चढवायच्या दोन्ही हॅलयार्ड स्टेनलेस वायरच्या, खाली हातात धरायला दोर जोडलेला. माझं स्पष्ट मत आहे की दोन्ही वायर काढाव्यात आणि 4 एमएम डायनीमा, म्हणजे मजबूत कृत्रिम धाग्याचा दोर, टाकावा. तुटलेल्या तारा हातात घुसतात, पोरांचे तळवे बघवत नाहीत, आणि वायर खरी सडते ती दाबलेल्या फेरूलच्या (वायरचं टोक जखडणाऱ्या धातूच्या नळीच्या) आत, तिथे खारं पाणी मुरतं आणि बाहेरून सगळं चकचकीत दिसत राहतं. डायनीमा तेवढ्याच जाडीला वायरपेक्षा मजबूत आणि इतका हलका की पाण्यावर तरंगतो.

जुना_खलाशी: मेनची, म्हणजे मोठ्या शिडाची, खुशाल बदला. जिबला, म्हणजे पुढच्या शिडाच्या हॅलयार्डला, हात लावू नका! एन्टरप्राइजला जिबच्या हॅलयार्डवर ताण दिला की फोरस्टे (मास्टला, म्हणजे डोलकाठीला, पुढून धरणारी तार) ढिला पडतो, म्हणजे मास्ट पुढून धरून ठेवते ती जिबच्या लफमधली (पुढच्या कडेतली) वायर आणि हे हॅलयार्ड. ते जरा जरी लांबलं तरी लफ ताठ न राहता बाक घेतो आणि बोट वाऱ्याकडे वर चढत नाही. डायनीमा सतत ताणाखाली हळूहळू लांबतो, उन्हात अजून जास्त, आणि आपलं एप्रिल-मेचं ऊन काय असतं ते सांगायला नको.

हार्बरवारा: ते लांबणं दिवसेंदिवस ताण राहिला तर. डिंगीचा ताण आपण किनाऱ्यावर आलो की सोडतो ना? सुरुवातीला लांबतो ती वीण घट्ट बसत असते, म्हणून आधी जोरात ताणून घ्यायचा आणि मग माप धरायचं.

गाठमास्तर: तुम्ही दोघं ताणावर भांडताय पण दोर मरतो मास्टवरच्या पुलीत. वायरची खाच अरुंद असते, दोर तिच्यात बसत नाही, कडांवर घासतो, शिवाय वर्षानुवर्षं वायर फिरून खाचेला धार आलेली असते. मास्ट आडवा केलात की कापसाचा बोळा खाचेतून फिरवा, तंतू अडकले तर पुली बदला, नाहीतर नवा दोर कुरतडला जाईल. आणि कृपा करून डायनीमाला गाठ मारू नका, गुळगुळीत असल्याने सरकते आणि निम्मी ताकद तिथेच जाते. स्प्लाइसच करा, म्हणजे दोराचं टोक दोराच्याच पोकळीत घुसवा, शेपूट जाडीच्या 72 पट आत, म्हणजे 4 एमएमला साधारण 29 सेंमी, आणि टोक निमुळतं करून घाला.

जुना_खलाशी: पुलीचं पटलं. जिबचं नाही पटलं. वायरला गंज चढतो तर सीझन संपला की गोड्या पाण्याने धुवा, फडका फिरवून तारा तपासा, एक जरी अडकली तरी वायर बदला.

हार्बरवारा: फेरूलच्या आत फडका जात नाही हो, माझा मुद्दाच तो आहे. दोर झिजला की निदान डोळ्यांना दिसतो. पुली बघून घेतो आणि दोन्ही बदलतोय, जिबसकट.