मदत हवी आहे: आईचं कोपर, प्लेटी की सांधाबदल?

किरण_बोरिवली: आई बाथरूममध्ये पडली. कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडलंय, सांध्यातही तुकडे झालेत. एक डॉक्टर म्हणतात दोन प्लेटी टाकू, दुसरे म्हणतात सांधाच बदला. उद्या सकाळी काय ते कळवायचंय. अनुभव असेल तर पटकन लिहा. 'डॉक्टरांना विचारा' नको, विचारूनच आलोय.

मंदार७८: वय? कोणता हात? सीटी स्कॅन केलाय की नुसता एक्स-रे?

शुभदा_ठाणे: आमच्या चिनूचं अगदी हेच! सहा वर्षांचा, घसरगुंडीवरून पडला. तारा घातल्या, महिन्याभरात ओपीडीतच काढल्या. आता झाडावर चढतो. काळजी करू नका.

मंदार७८: शुभदाताई, लहान मुलांचं फ्रॅक्चर वेगळं हो.

किरण_बोरिवली: ७२. उजवा. सीटी झालाय. पण वयाचा काय संबंध?

आप्पा_गिरगाव: ऑपरेशन कशाला? आमच्या गावी वैदू कामट्या बांधायचा. वर रोज तेलाची मालीश. महिन्यात हात मोकळा.

फिजिओ_रश्मी: आप्पा, कोपराला मालीश अजिबात नको. जोर लावून चोळलं-ओढलं की स्नायूत हाड धरतं आणि कोपर अडकून बसतं. असे हात सोडवताना आमचा जीव जातो.
किरण, संबंध हाडाच्या ताकदीचा. ठिसूळ हाडात स्क्रू धरत नाहीत, तुकडे बारीक असतील तर आणखीच. म्हणून या वयात सांधाबदलाचा विषय निघतो. प्लेटींचं ऑपरेशन करताना सांधा नीट दिसावा म्हणून बरेचदा कोपराचं टोक कापून बाजूला करतात आणि शेवटी तारेने किंवा प्लेटने परत बसवतात. ते टोक कापल्यावर ऐनवेळी 'चला, सांधा बसवू' म्हणणं अवघड. निर्णय आधीच व्हायला हवा. करंगळीला मुंग्या येतात का?

किरण_बोरिवली: हो, करंगळी आणि शेजारचं बोट. मुका मार असेल ना?

फिजिओ_रश्मी: अहो, हे आधी सांगायचं! कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात ना, तीच नस. अल्नर नर्व्ह. ऑपरेशन कुठलंही करा, ती शोधून जपावी लागते. मुंग्या आत्ताच आहेत हे केसपेपरवर लिहून घ्या.

परळचा_पक्षी: सासूबाईंना सांधा बसवलाय. एकदम झकास. स्वतःची वेणी स्वतः घालतात. डोळे मिटून सांधाच बसवा.

मंदार७८: आणि वजनाचं? बदललेल्या कोपराने जन्मभर चार-पाच किलोंच्या वर उचलायचं नसतं. ते सोयीस्कर विसरलात.

परळचा_पक्षी: ७२व्या वर्षी कोणाला गोणी उचलायच्यात?

किरण_बोरिवली: आई पोळ्यांच्या ऑर्डरी घेते. कणकेची दहा किलोची पिशवी स्वतः उचलते, सिलिंडरही तीच सरकवते.

मंदार७८: हे दोन्ही डॉक्टरांना माहीत आहे?

किरण_बोरिवली: त्यांनी विचारलंच नाही.

विनय_दादर: मेडिक्लेम आहे का? ज्येष्ठांच्या पॉलिसीत बरेचदा को-पे असतो, म्हणजे बिलाचा काही भाग आपणच भरायचा. इम्प्लांटचे स्टिकर बिलाला लावून घ्या, नाहीतर टीपीए, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारा, फाईल परत पाठवतो. आमची दोनदा पाठवली, त्याची कथा मोठी आहे…

परळचा_पक्षी: विनय, वेगळा धागा काढा.

फिजिओ_रश्मी: किरण, प्लेटी टाकल्या तर विचारा, हात हलवायला कधी सुरू करायचा. फिक्सेशन, म्हणजे प्लेटींनी केलेली हाडाची जोडणी, पक्कं असेल तर लवकर करतात. महिनाभर गळ्यात झोळी अडकवून बसवलं तर कोपर आखडतंच. पोळी लाटायला हात पूर्ण सरळ व्हायची गरज नाही, पण वळायला हवा.

शुभदा_ठाणे: पोळ्या ठाण्यापर्यंत पाठवतात का? बऱ्या झाल्यावर म्हणतेय.

किरण_बोरिवली: पहिल्या डॉक्टरांना पोळ्यांचं सांगतो. बाय द वे, आईला स्टेंट आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. तेही सांगायचं असतं का?

फिजिओ_रश्मी: हो!! सकाळपर्यंत थांबू नका. गोळी मनाने बंद करू नका, मनाने देऊही नका. हार्टच्या डॉक्टरांना आत्ता फोन लावा.

किरण_बोरिवली: लावतोय. एंगेज येतोय.