आधी मागे वजन, मग साखळ्या

भाच्याने मिशिगनमध्ये पिकअपला बर्फ ढकलायचं पातं लावलंय, तर बर्फावर पकड मिळावी म्हणून चाकांना साखळ्या लागतीलच का, असं तुम्ही विचारलंत. कोथरूडमध्ये बसून बर्फावर बोलणं जरा अतीच आहे, पण गाडीचं गणित इथे-तिथे एकच.

पात्याचं दोन-तीनशे किलो वजन पुढे लटकतं. मागची चाकं हलकी पडतात आणि जागच्या जागी फिरतात. म्हणून आधी हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या मागे, वाळूची पोती टाकून घट्ट बांधायला सांगा. गाडी अडली तर तीच वाळू चाकाखाली टाकता येते. टायर खास हिवाळी हवेत. साध्या टायरचं रबर ७ अंश सेल्सिअसखाली कडक होऊ लागतं. फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी) गाडी, सपाट अंगण आणि ताजा बर्फ असेल तर एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं.

चढ असेल किंवा खाली काचेसारखा गोठलेला थर असेल, तर मात्र साखळ्या घ्याव्यात. तुमच्या प्रश्नावर कुणीतरी 'चारही चाकांना साखळ्या लावून टाका' म्हटलंय, ते पटत नाही. बऱ्याच पिकअपमध्ये पुढच्या चाकाभोवती जागाच कमी असते. साखळी ब्रेकच्या नळीला घासली तर संपलंच. आधी गाडीचं मॅन्युअल बघायला सांगा. आणि डांबर उघडं पडलं की साखळ्या काढायच्या, नाहीतर रस्ताही उखडतो आणि साखळीही झिजते.