विठ्ठल उमप आधी नट, मग शाहीर. पटतंय का?

पूर्णाकाठी (परभणी)

परवा इथल्या एका सांस्कृतिक कार्यक्रमाची बैठक होती. लोककलेवरच्या संध्याकाळीत उमपांसाठी वेगळा वेळ ठेवायचं ठरलं. पाच मिनिटांत चार गाण्यांची यादी निघाली, ढोलकी कोणाची, पेटी कोणाची तेही ठरलं आणि चहा आला. मी म्हटलं, गाणी दोन करा आणि 'जांभूळ आख्यान'मधला एक प्रवेश घ्या, माणूस नट होता. उत्तर आलं, "अहो, ते शाहीर. शाहिराला प्रवेश कशाला?"

म्हणून हा धागा. माझं म्हणणं स्पष्ट आहे: 'शाहीर' ही पदवी आपण मानानं लावली आणि तिच्याआड एक मोठा चरित्र अभिनेता झाकून टाकला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म 15 जुलै 1931, मुंबईत नायगावला. पोरवयापासून आंबेडकरी जलशात, म्हणजे बाबासाहेबांचा विचार गाण्यांतून आणि सोंगांतून सांगणाऱ्या फडात. पुढे कव्वालीचे सामने, आकाशवाणी, लोकनाट्यं. इंडियन नॅशनल थिएटरच्या लोककला विभागानं रंगमंचावर आणलेलं 'जांभूळ आख्यान' म्हणजे त्यांच्या कामाचा कळस. नंतर चित्रपटांत छोट्यामोठ्या भूमिका, 2008 चा 'टिंग्या' बऱ्याच जणांनी पाहिला असेल. 26 नोव्हेंबर 2010 ला नागपुरात रंगमंचावरच कोसळले आणि गेले.

आता आख्यान. कर्णाला पाहून द्रौपदीचं मन चळतं. पाच नवरे असताना सहावा मनात येतो. कृष्ण ते ओळखतो. पुढं रानात भीम एका ऋषीचं जांभूळ तोडून बसतो. ते फळ परत देठाला लागायचं तर प्रत्येकानं मनातलं खरं बोलायचं. एकेक जण बोलतो, जांभूळ वर सरकतं. द्रौपदीची पाळी आली की ती लपवते आणि जांभूळ खाली येतं.

त्या जागेवर उमप काय करतात ते बघा. वयस्क पुरुष, ना साडी ना केसांचा टोप, नुसता एका कापडाचा पदर. आधी साळसूदपणे बोलतात, बाई चारचौघांत बोलते तसं. जांभूळ खाली आलं की पदराकडे हात जातो, नजर खाली आणि आवाज अर्धा होतो. गाणं नाही तिथं. एवढ्यात सभागृहाला कळतं की ही आता कबूल होणार. ज्याला हे जमतं त्याला आपण 'गोड गळ्याचे शाहीर' म्हणून हार घालायचा?

चित्रपटांनीही तेच केलं. गावातला म्हातारा हवा, मातीचा वास हवा, बोलवा उमपांना. एखादा अख्खा चित्रपट त्यांच्या खांद्यावर टाकावा असं किती जणांना वाटलं?

नागसेनवन

तुमच्या कळकळीबद्दल शंका नाही, पण हेतू तपासा. 'शाहीर' शब्दानं ते झाकले गेले म्हणता. मला उलटं दिसतं. 'नट' म्हटलं की जलसा गळतो, भीमगीतं गळतात आणि उरते ती सगळ्यांना चालणारी द्रौपदी. कार्यक्रमात जी चार गाणी निघाली त्यात बाबासाहेबांवरचं एक तरी होतं का? खरं सांगा.

मराठवाड्यात हे बोलताना जरा भान ठेवायला पाहिजे. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर इथल्या वस्त्यांवर काय झालं ते आमच्या घरात अजून बोललं जातं. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत लोकांना धरून कोणी ठेवलं? भाषणं होतीच, पण रात्री वस्तीत पेटी आणि ढोलकी घेऊन बसणारे होते. लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी इथं पाठ आहेत ती पुस्तकातून नाही. उमप त्या रांगेतले. आजही 14 जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर या, कोण गातं आणि कोण ऐकतं ते दिसेल.

आणि शेवट तुम्ही 'रंगमंचावर कोसळले' एवढ्यावर उरकला. दीक्षाभूमीच्या परिसरातला कार्यक्रम होता. तोंडात 'जय भीम' होतं. ते कसं सुटलं हो?

पूर्णाकाठी

यादीत भीमगीत नव्हतं, हे खरं. त्या यादीशी माझंही भांडण आहेच. पण त्यावर तोडगा म्हणून नटाला का वगळायचं? जलशात बतावणी असायची, फार्स असायचा, सवाल-जवाब असायचे. तिथंच पोरगा गाता गाता सोंग घ्यायला शिकला. तुमचा जलसाच माझा साक्षीदार आहे.

संबळ_झांज

सगळे मुंबईचंच बोलायलेत म्हणून लिहायलाव. परभणीत बसून जांभूळ आख्यान म्हणता अन् राजारामभाऊ कदमांचं नाव एकाच्याबी तोंडात नाही? गोंधळमहर्षी म्हणत्यात त्यांना. आख्यान गोंधळ्यांचं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या गोंधळ आहे, म्हणून मला राग येतोय.

गोंधळ कसा असतो ते आधी समजून घ्या. लग्न झालं की कुलदैवताचा गोंधळ. आमच्याकडं कोणाची तुळजापूरची भवानी, कोणाची माहूरची रेणुका. चौक भरायचा, उसाची नाहीतर कडब्याची पाच धांडं उभी करून मांडव, मधी कलश, दिवटी पेटलेली. आधी गण अन् आवाहन, सगळ्या देवांना गोंधळाला या म्हणायचं. मग उत्तररात्री आख्यान. नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, उभा राहून सांगतो, जोडीदार मधीच खोडा घालतो, "मग काय झालं वो?", "असं कुठं असतंय व्हय?" त्या खोड्यावर नाईक कधी कृष्ण होतो, कधी भीम होतो, उपरणं डोक्यावर घेतलं की द्रौपदी. दोन पावलं इकडं सरकला की दुसरं माणूस. संबळवाला नुसता हात थांबवतो, तेवढ्यात मांडवातल्या बाया पुढं सरकून बसत्यात.

हे सगळं लग्नघरच्या अंगणात चालतंय. तुम्ही ज्याला उमपांचा अभिनय म्हणायलाव तो असाच चालत आलेला आहे. त्यांनी तो चांगला उचलला, मोठा माणूस, वाद नाही. पण ज्याच्याकडून उचलला त्याला कोण नट म्हणलं? त्याला सुपारी मिळाली, वर धान्य मिळालं, अन् आता तर "तासाभरात उरका, डीजे वाट बघायलाय" एवढं मिळतंय.

लातूरचा_वकील

संबळवाल्या दादांचं दुखणं खरं आहे, पण खटला चुकीच्या माणसावर भरलाय. परंपरेतलं आख्यान एकाच्या नावावर कधीच नसतं. कदमांचंही ते त्यांच्या आधीच्यांकडून आलेलं. आणि 'उचललं' या शब्दात चोरीचा वास येतो, तो मला मान्य नाही. या कामात लोककलेचे अभ्यासक अशोकजी परांजपे होते, गोंधळ्यांकडे जाऊन, ऐकून ते उभं राहिलं.

शिवाय गोंधळ हा विधी आहे. ऐकणारा घरचा आहे, त्याला देवी पावायला हवी आहे, तो उठून जाणार नाही. नाट्यगृहात तिकीट काढून आलेला माणूस मोकळा असतो, कंटाळला की खुर्ची वाजवतो. दिवटी नाही, मांडव नाही, कुलदैवत नाही, आणि तरी तीच बाई तीच कबुली देते आणि लोक हलतात. हे वेगळं काम आहे. ते उमपांनी केलं आणि त्याचं श्रेय त्यांचंच. कदमांना मान मिळाला नाही म्हणून उमपांचा कमी करायचा, हा हिशोब मला कळत नाही.

संबळ_झांज

कमी कर म्हणलंच नाही वकीलसाहेब. नाव घ्या म्हणलो. पत्रिकेत एक ओळ. तेवढ्याला काय कलम लागतंय?

तिसरी_घंटा

विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकते. मूळ मुद्द्यालाच माझा विरोध आहे, पण वेगळ्या कारणानं.

'आधी नट की आधी गायक' हा प्रश्न संवाद वेगळा आणि गाणं वेगळं मानणाऱ्या नाटकातून येतो. आम्हालाही तसंच शिकवलं जातं: सोमवारी वाचिक, मंगळवारी देहबोली, संगीत ऐच्छिक. उमपांचं ध्वनिचित्रण आम्ही वर्गात तुकड्या-तुकड्यानं थांबवून पाहिलं. पूर्णाकाठी म्हणतात की कबुलीच्या आधी 'गाणं नाही'. मी म्हणते गाणं तिथंच आहे. बोलणं सुरू होतं तेव्हा आवाज ज्या पट्टीत असतो ती आधीच्या चरणाची आहे. बोलता बोलता तो हळूहळू खाली येतो, श्वास मध्येच तोडतो, आणि पुढची ओळ गाऊन उचलतात तेव्हा आपल्याला धक्का बसत नाही, कारण आवाज कधीच पूर्ण बोलण्यात उतरलेला नव्हता. द्रौपदीचं वय, तिची लाज, तिचा हट्ट, सगळं श्वास कुठे घेतला त्यावर आहे. कव्वाली गाणाऱ्याला हा श्वास असतो. समोरचा पक्ष टपून बसलेला असताना ओळ कुठे सोडायची आणि कुठे धरून ठेवायची, हे सामन्यात शिकायला मिळतं.

आता चित्रपटांबद्दल. 'टिंग्या' पोराची आणि त्याच्या बैलाची गोष्ट, उमप त्यात बाजूच्या भूमिकेत. कॅमेऱ्यापुढं गाणारा नट बोलू लागला की त्याच्यातलं अर्धं भांडवल बाहेर बसतं. त्यात दिग्दर्शकांचा दोष आहेच, पण तो दुर्लक्षाचा नाही. असा नट आला की त्याच्यासाठी लिहायचं कसं, हे आपल्या चित्रपटाला अजून येत नाही.

मास्तर_माजलगाव

एवढं श्वासाबिसाचं कळत नाही बुवा आपल्याला. आपण त्यांना रेडिओवर ऐकलं, आवडलं, संपलं. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात लोकसंगीताच्या महोत्सवात हा माणूस गाऊन आला. तिथल्या लोकांनी 'तुम्ही आधी काय' असं विचारलं असेल का? आपल्यालाच लेबल चिकटवल्याशिवाय झोप येत नाही.

नांदेडची_सून

मास्तर, लेबल लागतं तेव्हाच मानधन ठरतं, पुरस्काराचा विभाग ठरतो, पाठ्यपुस्तकात कुठं बसवायचं ते ठरतं. त्यामुळं झोप उडाली तरी चालेल, हा वाद होऊ द्या.

मला दुसरंच विचारायचंय. इतके जण द्रौपदीवर बोलले, पण ती कायम पुरुषाच्याच तोंडून का बोलते, हे एकालाही खटकलं नाही. पाच नवऱ्यांपुढं उभं राहून 'मला सहावा आवडला' म्हणणारी बाई. हे पुरुषानं पदर घेऊन म्हटलं की लोक हसतात, हळहळतात, वा वा करतात. त्याच मांडवात खऱ्या बाईनं उभं राहून म्हटलं असतं तर? आमच्या सासरी लग्नातल्या गोंधळात हे आख्यान झालं होतं. पुढं बसलेले पुरुष खो खो हसत होते. बायका हसत नव्हत्या. एकमेकींकडं बघतही नव्हत्या.

उमपांच्या द्रौपदीत मला आवडतं ते हे की ते तिची टर उडवत नाहीत. तेवढ्यासाठी मी त्यांना फार मोठा नट मानते. म्हणजे पूर्णाकाठींशी सहमत आहे, पण त्यांनी दिलेल्या कारणासाठी नाही.

लातूरचा_वकील

ताई, खंडोबाच्या जागरणात मुरळी गातेच की. बायका नव्हत्या असं नाही.

नांदेडची_सून

मुरळी गाते, नाचते आणि आख्यान लावतो वाघ्या. तिच्याकडं लोक कसं बघतात तेही सांगा ना. उदाहरण देताना निम्मंच दिलंत.

नागसेनवन

ताईंचा मुद्दा बिनतोड. तिसऱ्या घंटेचंही कव्वालीच्या सामन्याचं निरीक्षण महत्त्वाचं, पण ते सामने कुठं व्हायचे तेही जोडा: भीमजयंतीला, वस्तीत, पहाटेपर्यंत. म्हणजे श्वासही तिथलाच. पूर्णाकाठी, तुमचा प्रवेश होऊ द्या, हरकत नाही. मात्र त्याच्या आधी भीमगीत, आणि निवेदकानं 'समाजप्रबोधनपर गीत' असलं गुळमुळीत न म्हणता बाबासाहेबांचं नाव घेऊन सांगायचं. तयारी आहे?

पूर्णाकाठी

माझी आहे. बैठकीची असेलच असं नाही, भांडावं लागेल. नट म्हणण्यावर मात्र मी ठाम. तिसऱ्या घंटेनं जे श्वासाचं सांगितलं त्यालाच मी अभिनय म्हणतो. संबळवाले दादा, कदमांचं नाव पत्रिकेत येईल, ते माझ्याकडं लागलं. प्रवेश करायला मुंबईहून कोणी बोलवण्यापेक्षा जिल्ह्यातलं कोणी मिळेल का?

संबळ_झांज

मिळतंय की. आख्यान लावणारी दोन घरं आमच्याच तालुक्यात हायत. पण चार माणसं येतील, संबळ, तुणतुणं, झांज, नाईक. मानधनाचं आधी बोला, अन् जाण्यायेण्याचं भाडं त्यातच धरू नका. मागच्या वेळी एका ठिकाणी शाल अन् नारळावर वाटं लावलं होतं, भाडं आम्हीच भरलं. अन् माईक दोन लागत्यात, एक नाईकाला, एक खोडा घालणाराला. तो मागं उभा केला की अर्धं आख्यान ऐकूच येत नाही.