ध्वनिव्यवस्थेतील ‘सिंक’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (दादर) : लिनक्सवरील ध्वनिव्यवस्थेविषयी मी मराठीत माहितीपुस्तिका लिहीत आहे. पल्सऑडिओ या ध्वनी-सर्व्हरमध्ये (इतर प्रोग्रॅमांचा आवाज साउंड कार्डापर्यंत नेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये), आणि फेडोरा या लिनक्स-आवृत्तीने २०२१ साली त्याच्या जागी आणलेल्या पाइपवायरमध्येही, आवाज जिथून घेतला जातो त्याला ‘सोर्स’ आणि जिथे पोहोचवला जातो त्याला ‘सिंक’ म्हणतात. मुंबईच्या घरांत ‘सिंक’ म्हटले की भांडी घासण्याची जागाच डोळ्यांसमोर येते. ‘उगम’ आणि ‘मुख’ ही जोडी चालेल का? मिठी नदी विहार आणि पवई तलावांपासून निघून माहीमच्या खाडीला मिळते, तसाच ध्वनी मायक्रोफोनपासून निघून स्पीकरपाशी पोहोचतो.

उत्तर (गिरगाव) : पाण्याची उपमा योग्य आहे, परंतु ‘मुख’ पटत नाही. गंगेचा उगम गोमुखापाशी मानतात आणि देवळातल्या कुंडात पाणी पडते तेही गोमुखातूनच. म्हणजे मुखातून पाणी येते हा अर्थ आपल्या मनात अधिक पक्का आहे. मी ‘कुंड’ सुचवेन. आल्सा हा कर्नेलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, भाग साउंड कार्डाशी थेट बोलतो, पण पुष्कळ कार्डे एका वेळी एकाच प्रोग्रॅमचा ध्वनी स्वीकारतात. म्हणून ब्राउझर, गाणी वाजवणारा प्रोग्रॅम आणि सूचनेची घंटा यांचे प्रवाह ध्वनी-सर्व्हर एकत्र करतो. कोणी प्रोग्रॅम सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने (सॅम्पल) देत असेल आणि कार्ड ४८,००० वर चालत असेल, तर दर जुळवून घेतो. अनेक धारा एका ठिकाणी येणे हा भाव ‘कुंड’ शब्दात आहे. शिवाय पल्सऑडिओच्या प्रत्येक सिंकला ‘मॉनिटर’ असतो, ज्यातून तिथे जमलेला ध्वनी पुन्हा उचलता येतो. संगणकाच्या पडद्याचे चित्रण करताना त्याचा आवाजही टिपायचा तर तो बहुधा याच वाटेने घेतात. नदीच्या मुखाशी गोडे पाणी परत मिळत नाही, कुंडातून मात्र कळशी भरता येते. मॉनिटर हाही सोर्सच असल्याने ‘उगम’ तिथे खोटा पडतो. ‘स्रोत’ दोन्हीकडे बसतो.

प्रश्नकर्ता : एक शंका उरते. कुंड म्हणजे साठा, आणि साठ्याचे काम इथे बफर करतो. ४८,००० च्या दराने १,०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंदांचा विलंब.

उत्तर : शंका रास्त आहे. म्हणूनच ‘बफर’ भाषांतरित न करता तसाच ठेवावा. टर्मिनलमधील आज्ञांत वाचकाला ‘सिंक’ हाच शब्द टंकावा लागतो, तेव्हा प्रत्येक प्रकरणात पहिल्या उल्लेखाला ‘कुंड, अर्थात सिंक’ असे लिहावे.