कपलिंग कपॅसिटर चिपजवळ की कनेक्टरजवळ?

प्रश्न:
पीसीआय एक्सप्रेस (कॉम्प्युटरमधला वेगवान डेटा-मार्ग) जेन ३ चं, म्हणजे तिसऱ्या पिढीचं, अॅड-इन कार्ड करतोय, चार लेन (डेटाच्या वाटा). ट्रान्समिटच्या (सिग्नल पाठवणाऱ्या) जोड्यांवर ०४०२ मापाचे कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून सिग्नल पुढे सोडणारे) आहेत, चिपला खेटून ठेवलेले. रिव्ह्यूत सांगितलं की एज कनेक्टरजवळ न्या. राउटिंग संपत आलंय, हलवायचे तर चारही लेन उसवाव्या लागतील. खरंच एवढा फरक पडतो का?

उत्तर:
लेन उसवण्याआधी पॅडखाली (कपॅसिटर सोल्डर होतो त्या तांब्याच्या तुकड्याखाली) काय आहे ते बघा. डीसी अडवायचं काम कपॅसिटर लाइनवर कुठेही बसून करतो. त्रास देतो तो पॅड. ट्रेस (सिग्नलची तांब्याची रेघ) ०.१२ मिमीचा आणि ०४०२ चा पॅड साधारण ०.५ मिमी रुंद. एवढं तांबं ग्राउंड प्लेनच्या (खालच्या थरातल्या ग्राउंडच्या सलग तांब्याच्या) डोक्यावर आलं की तिथली कपॅसिटन्स वाढते आणि इम्पिडन्स (सिग्नलला लाइनवर जाणवणारा विरोध, तो सगळीकडे सारखा हवा) खाली येतो. माझ्या एका बोर्डावर ८५ ओहमच्या जोडीत टीडीआरवर (लाइनीत पल्स सोडून इम्पिडन्स कुठे बदलतो ते दाखवणाऱ्या उपकरणावर) थेट ७० पर्यंत खड्डा दिसला. तीन दिवस मी कनेक्टरच तपासत बसलो होतो! पुढच्या फेरीत कपॅसिटर जागचे हलवले नाहीत, फक्त पॅडांखालचा प्लेन कापला. खड्डा जवळजवळ भरून आला.

किती कापायचं ते तुमच्या स्टॅकअपवर (बोर्डाच्या थरांच्या रचनेवर) ठरेल, सिम्युलेशन करूनच घ्या. जोडीतले दोन्ही कपॅसिटर अगदी समोरासमोर हवेत, पुढेमागे नकोत. याहून छोटे ०२०१ बसवता आले तर फारच चांगलं.

दुसरं उत्तर:
व्हॅल्यूही तपासा. जुन्या बीओएममधले (सुट्या भागांच्या यादीतले) १०० नॅनोफॅरड उचलू नका. जेन २ पर्यंत ते चालायचे, कारण ८बी/१०बी मध्ये (८ बिटांचे १० करून पाठवायच्या पद्धतीत) सलग पाचच्या वर सारखे बिट येत नाहीत. जेन ३ च्या १२८बी/१३०बी मध्ये ती हमी नाही, सारखे बिट लांबले की बेसलाइन (सिग्नलची मधली पातळी) सरकते. म्हणून मोठे हवेत, १७६ ते २६५ नॅनोफॅरड. सगळे २२० लावतात.

प्रश्नकर्ता:
२२० च आहेत. पण ग्राउंडच्या खालच्या लेयरवर ३.३ व्होल्टचा प्लेन आहे. वरचं ग्राउंड कापलं तर?

पहिलं उत्तर देणारा:
मग तसं उघडं सोडू नका. रिटर्न करंट (सिग्नलचा परतीचा प्रवाह) त्या ३.३ व्होल्टच्या पॉवर प्लेनवर उतरेल. त्या लेयरवर कापलेल्या भागाखाली ग्राउंडचा तुकडा द्या आणि कडेने व्हाया (थर जोडणारी तांब्याची भोकं) मारून वरच्या ग्राउंडला जोडा.

प्रश्नकर्ता:
तेवढी जागा निघतेय. कपॅसिटर तिथेच ठेवून आधी एक लेन सिम्युलेट करतो, आलेख इथेच टाकेन.